प्रेस्टनचा प्लंबर: टॉम फिनीच्या हातातून पान्हा का सुटला नाही

इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या प्रेस्टन शहरात डीपडेल नावाचं फुटबॉलचं मैदान आहे. त्याच्या बाहेर एक पुतळा आहे, पण नेहमीसारखा छाती काढून उभा असलेला नाही. हा माणूस घसरतोय. साचलेल्या पाण्यातून चेंडूच्या मागे तो फरफटत निघालाय आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडतायत. ऑगस्ट १९५६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सी आणि प्रेस्टन यांचा सामना झाला तेव्हा मैदानात अक्षरशः तळी झाली होती. एका छायाचित्रकाराने तो क्षण पकडला आणि २००४ मध्ये त्या फोटोचा पुतळा झाला.

पुतळ्यातल्या माणसाचं नाव टॉम फिनी. मैदानाबाहेरही त्याचं आयुष्य पाण्यातच गेलं, कारण तो धंद्याने प्लंबर होता. लहानपणी कधीतरी नळ जोडले होते, मग फुटबॉलपटू झाला, अशी ही गोष्ट नाही. इंग्लंडकडून ७६ सामने आणि ३० गोल, क्लबकडून साखळी स्पर्धेत ४३३ सामने आणि १८७ गोल एवढं सगळं करताना तो सकाळी सराव करायचा आणि दुपारी पान्हा घेऊन लोकांच्या घरी जायचा. ‘प्रेस्टनचा प्लंबर’ हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं.

आजचा इंग्लिश फुटबॉलपटू आठवड्याला लाखो पौंड घेतो, म्हणून आपल्याला वाटतं की पूर्वी खेळात पैसा नसेल. पैसा होता. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लिश लीगचे सामने पाहायला ४ कोटी १० लाखांहून जास्त तिकिटं खपली. युद्ध संपलेलं, रेशन चालू, घरोघरी टीव्ही नाही, आणि शनिवारची दुपार मोकळी. माणसं मैदानावर लोटत होती. मग ज्याला पाहायला ती लोटत होती त्याला दुपारी नळ का दुरुस्त करावे लागत होते?

याचं उत्तर दोन नियमांत आहे. ते समजले की त्या पिढीचे सगळेच खेळाडू कळतात, फक्त फिनी नाही.

पण आधी माणूस पाहू.

प्रेस्टन हे सूतगिरण्यांचं शहर. सूत कातण्याच्या यंत्रामुळे इतिहासात गेलेला रिचर्ड आर्कराइट इथलाच. आपल्या गिरणगावात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लागत, तसलंच हे गाव. प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लबही जुना आणि मानाचा. १८८८-८९ मध्ये इंग्लंडची साखळी स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा हा संघ एकही सामना न हरता जिंकला आणि त्याच वर्षी एकही गोल न खाता एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकून गेला.

५ एप्रिल १९२२ ला टॉम जन्मला तो मैदानापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षांचा असताना आई गेली. पोरगा किरकोळ अंगाचा, मानेच्या ग्रंथीच्या दुखण्याने बेजार. तो मूळचा डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा. पण उजवा पाय त्याने हट्टाने घासून तयार केला. क्लबने त्याला पोरवयातच बोलावलं, तेव्हा वडील आडवे आले. आधी प्लंबरकीची उमेदवारी पुरी कर, हातात धंदा येऊ दे, मग खेळ. गरिबीत पोरं वाढवणाऱ्या बापाने दुसरं काय सांगायचं? पुढची पन्नास वर्षं हा सल्ला किती कामाला येणार आहे, याची तेव्हा बापालाही कल्पना नसेल.

१९४० मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला, पण तोवर युद्ध सुरू झालेलं. नेहमीची साखळी स्पर्धा बंद. १९४१ च्या युद्धकालीन कपच्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांचा फिनी आर्सेनलविरुद्ध वेम्बलीवर खेळला, आणि बरोबरीनंतर फेरसामना प्रेस्टनने जिंकला. नंतर तो लष्करात गेला, आठव्या सेनेबरोबर इजिप्त आणि इटलीत रणगाडे चालवले. साखळी स्पर्धेतला त्याचा पहिला खरा सामना ऑगस्ट १९४६ मध्ये झाला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आज त्या वयात खेळाडूच्या नावावर दीडशे सामने असतात. सप्टेंबरमध्ये, म्हणजे महिन्याभरात, तो इंग्लंडकडून बेलफास्टमध्ये उतरला आणि गोलही केला.

तो उजव्या बाजूचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा आक्रमक. अशा खेळाडूला अडवणाऱ्या बॅकचं काम तसं सोपं असतं: तो उजव्या पायाचा आहे, कडेनेच जाणार, तिकडची वाट बंद करा. फिनी समोर आला की हे गणितच कोलमडायचं. तो उजव्या पायाने कडेने जायचा किंवा डाव्या पायावर चेंडू घेऊन आत घुसायचा, आणि शेवटच्या क्षणापर्यंत कोणता पाय ते कळायचं नाही. इंग्लंडकडे त्याच जागेवर स्टॅनली मॅथ्यूज हा आणखी एक जादूगार होता. दोघांपैकी थोर कोण, यावर लँकेशायरच्या पबमध्ये कित्येक ग्लास रिकामे झाले असतील. फिनीपुरतं उत्तर सोपं होतं: मॅथ्यूज उजवीकडे खेळत असेल तर हा डावीकडे. ७६ पैकी ४० सामने उजवीकडून, ३३ डावीकडून आणि तीन मधल्या आक्रमकाच्या जागेवरून. बिल शँक्ली, जो पुढे लिव्हरपूलचा मोठा व्यवस्थापक झाला, तो प्रेस्टनमध्ये त्याचा जोडीदार होता. ओव्हरकोट घालून उतरवला तरी फिनी कुठल्याही काळात, कुठल्याही संघात भारीच ठरला असता, असं तो म्हणत असे.

आता ते दोन नियम.

पहिला नियम: कमाल पगार

किमान वेतन आपल्याला माहीत आहे. याच्याखाली मालकाने पगार द्यायचा नाही. इंग्लिश फुटबॉलमध्ये बरोबर उलटा नियम होता. याच्यावर पगार द्यायचा नाही. खेळाडू कितीही मोठा असो, क्लब कितीही श्रीमंत असो.

१९०१ मध्ये ही मर्यादा आठवड्याला ४ पौंड ठरली. १९२२ मध्ये ती ८ होती, १९४७ मध्ये १२ झाली, १९५१ मध्ये १४, १९५७ मध्ये १७ आणि १९५८ मध्ये २०. हा हंगामातला पगार. उन्हाळ्यात सामने नसतात, म्हणून तेव्हा तोही कमी. १४ वाल्याला उन्हाळ्यात १०. सामना जिंकला तर वर २ पौंड, बरोबरीला १. आणि हा प्रत्येकाचा पगार नव्हता, ही कमाल होती. खालच्या विभागातल्या, म्हणजे लीगच्या खालच्या पायरीवरच्या, अनेकांना तेवढंही मिळत नसे.

तसं पाहिलं तर कामगाराच्या मानाने हा पगार वाईट नव्हता. युद्धाआधी फुटबॉलपटू गिरणी कामगारापेक्षा चांगलाच वर होता. पण कारखान्यातले पगार चढत गेले आणि ही मर्यादा रांगत राहिली. १९६० च्या सुमारास उद्योगातला सरासरी पगार आठवड्याला साधारण १५ पौंड, आणि देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूची कमाल २०. त्यातही कामगाराला साठीपर्यंत काम होतं. फुटबॉलपटूचा गुडघा तिशीतच बोलायला लागतो.

नियम आला की पळवाट येतेच. बुटात गुपचूप नोटा सरकवणं, बायकोला नावापुरती नोकरी देणं, असले प्रकार चालत. १९५७ मध्ये संडरलंड क्लब अशा चोरट्या पैशांत सापडला, ५००० पौंड दंड झाला आणि पदाधिकाऱ्यांवर बंदी आली.

दुसरा नियम: राखून ठेवणे

खरी गोम इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

आयपीएलमुळे ‘रिटेन’ हा शब्द आपल्या घराघरात गेला आहे. संघाने खेळाडू राखला, त्याला इतके कोटी दिले, बाकीचे लिलावात गेले. इंग्लंडचा नियमही त्याच शब्दाचा होता, पण चाल वेगळी.

समजा, तुम्ही एका क्लबचे लेफ्ट बॅक आहात. लीगमध्ये खेळायचं तर क्लबने तुमची नोंदणी करावी लागते, आणि ती नोंदणी क्लबच्या ताब्यात असते. तुमचा करार एका वर्षाचा. मे महिन्यात हंगाम संपला की क्लब यादी लावतो. त्यात तीनच शक्यता असतात. तुम्हाला मोकळं केलं, म्हणजे जा कुठेही. तुम्हाला विक्रीला काढलं, म्हणजे जो क्लब इतकी रक्कम देईल त्याच्याकडे जा. किंवा तुम्हाला राखलं.

राखलं तर समोर नवा करार येतो. सही केली तर आणखी एक वर्ष. सही केली नाही तर? इथे माणूस सहज म्हणेल, करार संपलाय, मी दुसरीकडे जातो. जाता येत नाही. करार संपला तरी नोंदणी संपत नाही. ती क्लबच्या कपाटात. क्लब तुम्हाला पगार देत नाही, कारण तुम्ही करारावर सही केलेली नाही. आणि दुसरा क्लब तुम्हाला घेऊ शकत नाही, कारण तुमची नोंदणी पहिल्याकडे आहे. ही अवस्था किती दिवस? क्लबला वाटेल तितके. विक्रीच्या यादीतल्यांचीही तीच गत: क्लबने आवाच्या सवा किंमत लावली आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर करार संपल्यावर पगार बंद आणि तुम्ही अधांतरी. लीगच्या समितीकडे दाद मागायची सोय होती, पण ती समिती क्लबवाल्यांचीच.

म्हणजे क्लबला दर वर्षी तुम्हाला सोडता येत होतं, तुम्हाला क्लब कधीच सोडता येत नव्हता. वर्षाचा करार, पण एकाच बाजूने. खेळाडू त्याला गुलामीचा करार म्हणत, आणि मला ती अतिशयोक्ती वाटत नाही. फार तर वेठबिगारी म्हणा.

भांडून पाहणारे होते. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगबीने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध दावा लावला आणि तो हरला. खेळाडूंची संघटना त्यात जवळपास बुडाली आणि पुढची पन्नास वर्षं कोर्टाच्या वाटेला जायला कोणी धजावलं नाही. १९४८ मध्ये मिडल्सब्रोच्या विल्फ मॅनियनने करारावर सही करायला नकार दिला. इंग्लंडचा खेळाडू, ओल्डममध्ये नोकरीची सोय झालेली, तिथे जायचं होतं. मिडल्सब्रोने २५००० पौंड किंमत लावली, जी ओल्डमला परवडणं शक्य नव्हतं. मॅनियन काही महिने घरी बसला, कोंबड्यांची खुराडी विकली आणि जानेवारी १९४९ मध्ये मान खाली घालून परत आला.

हे सगळं डोक्यात ठेवून फिनीकडे परत येऊ.

राजपुत्राचा सांगावा

मे १९५२. इंग्लंडचा संघ इटलीच्या दौऱ्यावर. फ्लॉरेन्समध्ये सामना बरोबरीत सुटला. त्या दौऱ्यात एक माणूस फिनीला भेटला. राइमोन्दो लान्झा दी त्राबिया, सिसिलीतला खराखुरा राजपुत्र आणि पालेर्मो क्लबचा अध्यक्ष. त्याचा प्रस्ताव असा: सही केल्याबद्दल रोख १०००० पौंड, महिन्याला १३० पौंड पगार, वर बोनस, समुद्राकाठी बंगला, गाडी आणि कुटुंबाच्या येण्याजाण्याचा खर्च. प्रेस्टन क्लबला वेगळे ३०००० पौंड.

आकडे शेजारी शेजारी ठेवू. तेव्हाची कमाल १४ पौंड. हंगामाचे साधारण चाळीस आठवडे धरा, उन्हाळ्याचे बारा आठवडे १० पौंडांनी धरा. वर्षाला ६८० पौंड झाले. म्हणजे नुसती सहीची रक्कम जवळपास पंधरा वर्षांच्या पगाराएवढी. आणि फिनी तेव्हा तीस वर्षांचा होता, त्याच्याकडे पंधरा वर्षं नव्हतीच.

तो क्लबचा अध्यक्ष नॅट बक याच्याकडे विचारायला गेला. ‘विचारायला’ हाच शब्द बरोबर आहे, कारण सांगायचा हक्क त्याला नव्हता. उत्तर आलं: खेळशील तर प्रेस्टनकडून, नाहीतर कोणाकडूनच नाही. ही धमकी नव्हती, तो नियमच होता. पालेर्मो ही इंग्लंडबाहेरची गोष्ट असली तरी इटली फिफामध्ये होती, आणि फिफाच्या देशांत एकमेकांच्या नोंदण्या पाळल्या जात. प्रेस्टनने कागद सोडला नाही तर पालेर्मोत चेंडूला पाय लावता येणार नव्हता.

फिफाबाहेर एक वाट होती, कोलंबियाची. दोनच वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, इंग्लंडचा मधला बचावपटू नील फ्रँकलिन बोगोटाला गेला होता. ते पैसे, तो मुलूख त्याला मानवला नाही, काही आठवड्यांत तो परतला. इथे आल्यावर बंदी भोगली आणि इंग्लंडच्या संघात पुन्हा कधी दिसला नाही. हे उदाहरण ताजं होतं. फिनीने विषय सोडला. प्रेस्टनला आला, सराव सुरू केला, दुपारची कामं सुरू केली.

त्याच्या निष्ठेबद्दल भरभरून लिहिलं गेलंय. एक क्लब, एक गाव, एक आयुष्य. ते खोटं नाही. त्याचं प्रेस्टनवर प्रेम होतं आणि तो पुढेही कधी कडवटपणे बोलला नाही. पण दार बाहेरून बंद असताना आत बसलेल्या माणसाला आपण निष्ठावान म्हणतो तेव्हा मला जरा अडखळायला होतं. दार उघडं असतं तर तो गेला असता का? कदाचित नसताही गेला. ते ठरवायची संधी त्याला मिळाली नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि क्लबांना इटलीचं वावडं होतं असंही नाही. १९५७ मध्ये लीड्सने वेल्सचा जॉन चार्ल्स युव्हेंटसला ६५००० पौंडांना विकला. क्लबला पैसे हवे असले की दार उघडायचं.

प्लंबरकीकडे मी म्हणून वेगळ्या नजरेने पाहतो. लोक ती साधेपणाची खूण मानतात: बघा, एवढा मोठा खेळाडू आणि नळ दुरुस्त करायचा. मला ती त्याची मोकळीक वाटते. भाऊ जो याच्याबरोबर त्याने प्लंबिंग आणि वायरिंगचा धंदा उभा केला. त्या धंद्यात त्याची नोंदणी कोणाच्या कपाटात नव्हती. दर किती घ्यायचा, काम कोणाचं घ्यायचं, हे तो ठरवत होता. मैदानावर हजारो माणसं ज्याच्या नावाने ओरडत, त्याला स्वतःच्या श्रमाची किंमत सांगता येत होती ती फक्त कोणाच्या तरी न्हाणीघरात ओणवं होऊन.

मैदानावरचं त्याचं नशीबही असंच काठावरचं. १९५२-५३ मध्ये प्रेस्टन आणि आर्सेनल दोघांचे ५४ गुण झाले. तेव्हा बरोबरी फोडायला गोलांची सरासरी पाहत: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. आर्सेनलचे ९७ भागिले ६४, प्रेस्टनचे ८५ भागिले ६०. करून पाहा, १.५२ आणि १.४२ येतं. दशांश चिन्हापुढच्या एका आकड्याने विजेतेपद लंडनला गेलं. १९५४ मध्ये एफए कपचा अंतिम सामना, वेस्ट ब्रॉमविचकडून ३-२ हार, आणि फिनीचा त्या दिवशी सूरच लागला नाही. त्याच वर्षी पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं, १९५७ मध्ये पुन्हा. १९५७-५८ मध्ये प्रेस्टन पुन्हा दुसरे. युद्धकाळातला तो कप आणि १९५१ मध्ये दुसऱ्या विभागाचं जेतेपद सोडलं तर हाताला मोठं काही लागलं नाही. ३० एप्रिल १९६० ला ल्यूटनविरुद्ध तो शेवटचा सामना खेळला. जांघेच्या दुखापतीने पाय धरला होता.

क्लबवाल्यांची बाजू

एक गोष्ट इथे मांडली नाही तर लेख एकतर्फी होईल. हे नियम निव्वळ लुटीसाठी आले नव्हते. मालकांच्या लाभांशावरही मर्यादा होती. भीती वेगळी होती: मोकळं सोडलं तर लंडन-मँचेस्टरचे श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलतील आणि लहान गावांचे क्लब ओस पडतील. म्हणून १८९३ मध्ये राखून ठेवण्याची पद्धत आली, १९०१ मध्ये कमाल पगार. पगार सगळीकडे तोच असेल तर खेळाडू गाव कशाला सोडेल?

आणि ही भीती खोटी नव्हती. प्रेस्टनसारखं मध्यम गिरणगाव दोनदा विजेतेपदाच्या दारात पोहोचलं ते याच व्यवस्थेत. शेजारचं बर्नली, त्याहून लहान, १९६० मध्ये चक्क विजेतं झालं. फिनी निवृत्त झाल्यावर वर्षभरात, १९६१ मध्ये, प्रेस्टन पहिल्या विभागातून खाली उतरलं, ते अजून परत आलेलं नाही. ज्या पिंजऱ्याने फिनीला अडवलं त्यानेच प्रेस्टनला फिनी दिला. हे गणित मला अजून पुरतं सुटलेलं नाही. फक्त एवढं दिसतं की गावांचा समतोल राखायची किंमत अकरा खेळाडूंच्या खिशातून वसूल केली जात होती.

कुलूप तुटलं ते असं

१९५७ मध्ये खेळाडूंच्या संघटनेची सूत्रं फुलहॅमच्या जिमी हिलकडे आली. लांब हनुवटी, दाढी आणि बोलायला पक्का. सचिव क्लिफ लॉइड. दोघांनी आधी संघटनेचं नाव बदलून ‘व्यावसायिक फुटबॉलपटू संघटना’ केलं. आधीचं नाव कारखान्यातल्या युनियनसारखं होतं, आणि हिलला ते नट-गायकांच्या व्यवसायासारखं वाटायला हवं होतं. मग गावोगाव सभा. मँचेस्टरच्या सभेतला किस्सा प्रसिद्ध आहे. खालच्या विभागातला एक पोरगा उठून म्हणाला, माझे वडील खाणीत राबतात, मला त्यांच्यापेक्षा चांगला पगार आहे, संप कशाला? त्यावर बोल्टनचा बॅक टॉमी बँक्स उठला. हा स्वतः खाणीत काम केलेला गडी. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा: तुझ्या वडिलांचं काम मी उद्या करून दाखवतो, पण ते करताना पाहायला तीस हजार माणसं तिकीट काढून येणार नाहीत. आणि शनिवारी तुझ्या वडिलांनी माझ्या जागी उभं राहून तीस हजारांसमोर मॅथ्यूजला अडवून दाखवावं. सभा तिथेच संपली म्हणायची.

संपाची तारीख पडली: २१ जानेवारी १९६१. तीन दिवस आधी लीगने माघार घेतली, कमाल पगार रद्द झाला. फुलहॅमने जॉनी हेन्सचा पगार २० वरून थेट आठवड्याला १०० पौंडांवर नेला. फिनीने बूट टांगून जेमतेम नऊ महिने झाले होते.

पहिला नियम गेला. दुसरा तसाच होता, आणि तो जॉर्ज ईस्टमने तोडला.

ईस्टम न्यूकॅसलचा, सडपातळ, डोक्याने खेळणारा. क्लबशी घरावरून आणि जोडनोकरीवरून खटके उडाले. त्याने १९६० मध्ये सही करायला नकार दिला. क्लबने राखलं. मग मॅनियनचीच कथा: पगार बंद, दुसरीकडे जायला बंदी. ईस्टम दक्षिणेत गिल्डफर्डला गेला आणि एका परिचिताच्या कंपनीसाठी बुचाचं लाकूड विकू लागला. फरक इतकाच की बुचाच्या नोकरीत त्याला बरे पैसे मिळत होते, त्यामुळे थांबणं त्याला परवडत होतं. शेवटी न्यूकॅसलनेच त्याला १९६० च्या अखेरीस ४७५०० पौंडांना आर्सेनलला विकलं.

तिथे गोष्ट मिटली असती. पण संघटनेने त्याला विनवलं, तुझं काम झालं तरी दावा चालू ठेव, खर्च आम्ही करतो. त्याने ठेवला. ४ जुलै १९६३ ला निकाल आला. न्यायमूर्ती होते रिचर्ड विल्बरफोर्स. त्यांचा जन्म आपल्या जालंधरचा, वडील लाहोरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश. आणि खापरपणजोबा विल्यम विल्बरफोर्स, ब्रिटनमध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडणारे. गुलामीच्या कराराचा खटला नेमका याच घरात यावा!

निकालाचा गाभा असा. करार संपल्यावरही माणसाला पगाराशिवाय अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या पोट भरण्याच्या हक्कावर अवाजवी बंधन, आणि ते कायद्यात टिकत नाही. क्लबांचं हित जपायला हवं हे त्यांनी मानलं, पण त्यासाठी एवढी मोठी बेडी लागत नाही. खेळाडू विकण्याची रक्कम मागण्याची पद्धत मात्र पूर्ण गेली नाही. यापुढे क्लबला खेळाडू ठेवायचा असेल तर निदान आधीइतक्याच अटींवर करार द्यावा लागणार होता, आणि वादासाठी तटस्थ लवाद आला. करार संपला की खरोखर मोकळं, हे युरोपात १९९५ च्या बॉसमन निकालानेच आलं, म्हणजे बॉसमन या खेळाडूने युरोपीय न्यायालयात जिंकलेल्या खटल्याने.

फिनी तोवर धंद्यात रमला होता. पुढे तो मानद न्यायदंडाधिकारी झाला, प्रेस्टनच्या आरोग्य मंडळाचा अध्यक्ष झाला, क्लबचाही अध्यक्ष झाला, १९९८ मध्ये सर झाला. १४ फेब्रुवारी २०१४ ला वयाच्या ९१ व्या वर्षी गेला.

पण १९६३ मधली एक गोष्ट राहिली. निकाल लागून तीन महिनेही झाले नव्हते. बेलफास्टच्या डिस्टिलरी या छोट्या क्लबला युरोपियन कपमध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाशी खेळायचं होतं, युसेबियो या नामांकित आक्रमकाच्या बेनफिकाशी. तिथल्या व्यवस्थापकाने फिनीला विचारलं, एक सामना खेळतोस का? त्या व्यवस्थापकाचं नाव जॉर्ज ईस्टम. खटला लढलेल्या ईस्टमचे वडील, त्याच नावाचे. फिनी तेव्हा ४१ वर्षांचा, तीन वर्षं निवृत्त. त्याने या वेळी कोणाला विचारलं नाही, हो म्हणाला. युद्धाचा काळ सोडला तर प्रेस्टनवेगळ्या क्लबचा शर्ट त्याच्या अंगावर पहिल्यांदा चढला, आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला.